ग्रोस ईल: १८४७ साली विलगीकरणाचं बेट का कोलमडलं आणि पुढे ते कसं चाललं

प्रश्न असा आहे: कॅनडात क्वेबेकच्या वाटेवर ग्रोस ईल नावाचं बेट आहे. तिथे १८३२ पासून स्थलांतरितांसाठी क्वारंटाइनचं ठाणं होतं. डॉक्टर, कायदा, तोफा, सगळं होतं. तरी १८४७ मध्ये तिथे हजारो आयरिश माणसं मेली आणि ताप मॉन्ट्रियल-टोरांटोपर्यंत पोचला. हे झालं कसं? आणि एवढं अपयश येऊनही ते ठाणं १९३७ पर्यंत कसं टिकलं?

याचं उत्तर बहुतेक ठिकाणी "अस्वच्छता आणि हेळसांड" असं दिलं जातं. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. विलगीकरण हा मुळात हिशेबाचा मामला आहे. रोज माणसं किती येणार, खाटा किती, रोग अंगात दडून किती दिवस राहतो आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे नेमका कशावर बसून जातो, या चार गोष्टी जुळल्या तर बेट काम करतं. १८४७ मध्ये पहिल्या तीन जुळल्या नाहीत आणि चौथी तर जगात कोणालाच माहीत नव्हती.

आधी जागा बघू. सेंट लॉरेन्स नदीच्या पात्रात, क्वेबेक शहराच्या खालच्या अंगाला सुमारे ४५ ते ५० किलोमीटरवर हे बेट आहे. जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि एखादा किलोमीटर रुंद. वर जाणाऱ्या प्रत्येक गलबताला याच भागातून जावं लागे. नांगर टाकायला आसरा होता, शहर पुरेसं लांब होतं आणि तरी रसद पोचवता येई एवढं जवळही होतं. कागदावर जागा उत्तम. अडचणी दोन. बेट खडकाळ, त्यावर मातीचा थर पातळ. म्हणजे विहिरी, शोषखड्डे आणि कबरी या तिन्हींची पंचाईत. दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. इथे पाण्याची पातळी पाचेक मीटर वरखाली होते. ओहोटीला किनाऱ्यावर चिखल आणि निसरडे खडक उघडे पडतात. गलबतं खोल पाण्यात नांगर टाकून उभी आणि आजारी माणसं होडीतून आणून खडकांवर उतरवायची, असा प्रकार सुरुवातीला होता. तापाने फणफणलेला माणूस अशा किनाऱ्यावरून चालत दवाखान्यात जाऊ शकत नाही, त्याला उचलूनच न्यावं लागतं. एका रोग्यामागे दोन माणसं गुंततात, आणि माणसंच तर कमी होती.

तिसरी गोष्ट हवामानाची, आणि ती सहसा सुटून जाते. नदी हिवाळ्यात गोठते. म्हणजे वर्षभराची सगळी आवक मे ते नोव्हेंबरमध्ये, आणि त्यातही बर्फ फुटताच पहिल्या काही आठवड्यांत गर्दी. वर्षाची सरासरी काढून ठाणं उभारलं तर ते मेमध्ये बुडणार हे ठरलेलंच.

१८३२ मध्ये ठाणं उभं राहिलं ते कॉलऱ्याच्या भीतीने. बंगालमधून निघालेली कॉलऱ्याची साथ रशिया, युरोप करत इंग्लंडला पोचली होती. त्या वर्षी पन्नास हजारांवर स्थलांतरित क्वेबेकला आले. लोअर कॅनडाच्या (म्हणजे आजच्या क्वेबेकच्या) विधिमंडळाने फेब्रुवारीत कायदा केला आणि बेट लष्कराच्या ताब्यात दिलं. गलबतांनी थांबावं म्हणून तोफा बसवल्या. शिवाय दर माणशी ५ शिलिंगांचा कर बसवला. त्यातून क्वेबेक आणि मॉन्ट्रियलच्या इस्पितळांना आणि स्थलांतरितांना मदत करणाऱ्या संस्थांना पैसे जात. कराची कल्पना शहाणपणाची होती, कारण विलगीकरणाचा खर्च कुठून तरी कायमचा यावा लागतो. दरवर्षी सरकारकडे हात पसरून ठाणं चालत नाही.

तरीही जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच कॉलरा क्वेबेकमध्ये आणि तिथून आगबोटीने मॉन्ट्रियलमध्ये शिरला. कारण तपासणी फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या आजाराची होती. कॉलऱ्याचे जंतू पोटात बाळगणाऱ्या अनेकांना जुलाब होतच नाहीत. धडधाकट दिसणारा माणूस कपडे धुऊन, सामान हवेला लावून पुढे जायचा आणि जंतू शहराच्या पाण्यात सोडायचा. तोफ गलबताला थांबवू शकते, पण अशा माणसाला ओळखणार कोण?

आता १८४७. बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये तिसऱ्या वर्षी दुष्काळ होता. त्या वसंतात अमेरिकेने प्रवासी-कायदा कडक केला. खालच्या डेकवर माणशी १४ चौरस फूट जागा हवी, असा नियम आला आणि न्यूयॉर्क-बोस्टनचं भाडं चढलं. क्वेबेकचं भाडं स्वस्त राहिलं, कारण तिकडे जाणारी गलबतं मुळात लाकूड वाहणारी होती. कॅनडातून इमारती लाकूड ब्रिटनला न्यायचं आणि येताना रिकामं येण्याऐवजी माणसं भरायची. पोटात तात्पुरत्या फळ्या ठोकून दोन मजली खाटा करत. ब्रिटिश कायद्याने प्रौढ माणसाला सहा फूट लांब आणि १८ इंच रुंद जागा, दिवसाला ३ क्वार्ट (सुमारे साडेतीन लिटर) पाणी आणि आठवड्याला ७ पौंड पीठ, बिस्किट, तांदूळ किंवा बटाटे एवढी तरतूद होती. हे पाणी पिण्याला, रांधण्याला आणि धुण्याला मिळून. प्रवास सहा ते आठ आठवड्यांचा. एवढ्या पाण्यात कपडे धुणं कोणाला शक्य नव्हतं, आणि पुढची सगळी गोष्ट या न धुतलेल्या कपड्यांचीच आहे.

बेटाचे प्रमुख डॉ. जॉर्ज मेलिस डग्लस यांना संकटाचा अंदाज होता. त्यांनी हिवाळ्यातच ३,००० पौंड मागितले. मंजूर झाले सुमारे ३००. इस्पितळात दीडशे-दोनशे रोग्यांची सोय होती. हाताखाली एक कारभारी, एक मदतनीस आणि एक परिचारिका. मेच्या मध्याला लिव्हरपूलहून 'सीरिया' हे पहिलं गलबत आलं. २४१ प्रवासी, त्यातले ८४ तापाने आजारी आणि नऊ वाटेतच गेलेले. बेटावर सर्वांत आधी मेली ती चार वर्षांची एक मुलगी. म्हणजे एका गलबताने इस्पितळ निम्मं भरलं. ३१ मे रोजी बेटासमोर ४० गलबतं दोन मैलांच्या रांगेत उभी होती आणि त्यांवर सुमारे साडेबारा हजार माणसं होती.

इथे हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. हा ताप म्हणजे टायफस (टायफॉइड वेगळा). टायफसचा रोगी बरा होऊन खाट रिकामी करायला साधारण तीन आठवडे घेतो. मोसम सव्वीस आठवड्यांचा धरला तर एका खाटेवरून आठ-नऊ रोगी जातात. दोनशे खाटा म्हणजे मोसमभरात फार तर सतराशे रोगी. प्रत्यक्षात त्या वर्षी साडेआठ हजारांवर माणसांना इस्पितळात घ्यावं लागलं. तपासणीचंही तसंच. माणशी एकच मिनिट दिलं तरी साडेबारा हजारांना दोनशेवर तास लागतात, आणि रांगेत रोज नवी गलबतं येत होती. डग्लस यांनी पूर्ण ३,००० पौंड मिळवले असते तरी बेट पुरलं नसतं, असं माझं मत आहे. पण मृत्यू बरेच कमी झाले असते, कारण निवारा आणि शुश्रूषा पैशाने येते.

तपासणी चालायची कशी तेही सांगतो. नदीच्या मुखाकडे वाटाड्या गलबतावर चढे आणि कप्तानाच्या हातात छापील नियम देई. बेटासमोर नांगर पडला की डॉक्टर होडीने येई. कुठून निघालात, किती दिवस लागले, निघताना माणसं किती, वाटेत किती गेली, आता आजारी किती, अशी ठरलेली प्रश्नावली. मग प्रवाशांना डेकवर ओळीने उभं करून जीभ, चेहरा, नाडी बघायची. ताप असलेल्यांना होडीत उतरवायचं. मग खालचा डेक घासायचा, चुन्याने रंगवायचा, अंथरुणातला पेंढा टाकून द्यायचा. नियम असा होता की निरोगी प्रवासीही बेटावर उतरवून, धुलाई करून, काही दिवस वेगळे ठेवायचे.

मेअखेर तो नियम पाळणं अशक्य झालं. जागाच नव्हती. मग निरोग्यांनी गलबतावरच थांबून मुदत काढावी असं ठरलं, आणि इस्पितळ तुडुंब असल्यामुळे आजारीही त्याच गलबतावर राहिले. या निर्णयाला मी सगळ्या घटनाक्रमातली सर्वांत घातक गोष्ट मानतो. रोगी आणि निरोगी एकाच बंद जागेत कोंडले की त्याला विलगीकरण म्हणता येत नाही. मुदत संपेपर्यंत नवे रोगी तयार होत राहतात आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जूनमध्ये पाहणीला आलेल्या तीन डॉक्टरांच्या आयोगानेही आजारी आणि निरोगी एकत्र ठेवण्यावर कडक टीका केली आणि तंबू, लाकडी शेड उभारून लोकांना उतरवायला सांगितलं. लष्कराचे तंबू आले, चर्चमध्येही रोगी ठेवले, एका खाटेवर दोघं-तिघं पडली. गलबतांवरून फेकलेला घाण पेंढा किनाऱ्याच्या पाण्यावर तरंगत होता आणि पिण्याचं पाणी त्याच नदीचं. त्यामुळे तापातून वाचलेली माणसं अतिसाराने गेली, विशेषतः मुलं.

आता हिशेबातली चौथी गोष्ट, रोग कशावर बसून जातो ती. टायफस उवांनी पसरतो. डोक्यातल्या उवांनी नव्हे, तर कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या, अंगावर फक्त रक्त प्यायला येणाऱ्या उवांनी. हे फ्रेंच डॉक्टर शार्ल निकोल यांनी ट्युनिसमध्ये १९०९ साली दाखवून दिलं, म्हणजे बासष्ट वर्षांनी. उवेला माणसाच्या अंगाची ठरावीक ऊब लागते. रोग्याला खूप ताप चढला किंवा तो मरून गार पडला की ती त्याला सोडून शेजारच्याकडे जाते. अठरा इंचांच्या जागेत शेजारी किती लांब असणार? तिच्या विष्ठेत जंतू असतात. माणूस खाजवतो आणि ते कातडीत चोळले जातात. वाळलेल्या विष्ठेची धूळ कपडे झटकताना डोळ्यांत किंवा श्वासात गेली तरी लागण होते.

एवढं कळलं की १८४७ मधली बरीच कोडी सुटतात. कॅबिनमधले प्रवासी का वाचले? त्यांच्याकडे बदलायला कपडे होते आणि झोपायला वेगळी जागा. मग डॉक्टर, पाद्री, परिचारिका का मेल्या? त्यांनी रोग्यांचे कपडे उतरवले, अंथरुणं उचलली, कानाशी वाकून शेवटचे शब्द ऐकले. शिवाय टायफस लहान मुलांना त्या मानाने सौम्य जातो आणि वय वाढेल तसा घातक होतो, म्हणून मध्यमवयीन सेवकांत मृत्यू जास्त. त्या मोसमात बेटावर सेवा करताना चार डॉक्टर गेले. त्यांची नावं डग्लस यांनी स्वतः उभारलेल्या स्मारकावर कोरलेली आहेत. डेक घासून, चुना मारूनही रोग का थांबला नाही? कारण रोग फळ्यांत नव्हता, अंगातल्या सदऱ्यात होता, आणि तो सदरा घालूनच माणूस पुढे जात होता.

त्यात दडलेल्या दिवसांची भर. उवेने लागण केल्यापासून ताप यायला एक ते दोन आठवडे लागतात. तपासणीच्या दिवशी जीभ स्वच्छ, नाडी ठीक. असा माणूस 'निरोगी' ठरून खचाखच भरलेल्या आगबोटीच्या डेकवर उभा राहून मॉन्ट्रियलला गेला आणि तिथे आठवड्याभरात पडला. मॉन्ट्रियलमध्ये नदीकाठी शेड बांधाव्या लागल्या. तिथल्या कबरींवर ठेवलेल्या काळ्या शिळेवर ६,००० हा आकडा आहे. शहराचे महापौर जॉन ईस्टन मिल्स शेडमध्ये रोग्यांची सेवा करत होते. ते नोव्हेंबरमध्ये तापाने वारले. टोरांटोचे बिशप मायकेल पॉवर १ ऑक्टोबरला गेले.

बेटावरच्या दफनांचा आकडा स्मारकावर आहे: ५,४२४. पश्चिम भागात दोन टेकाडांच्या मधल्या सपाटीवर लांब चर खणून शवपेट्या एकावर एक ठेवत गेले. माती पातळ असल्यामुळे चर खोल जात नव्हते. लाकूड कुजून वरची जमीन खाली बसली आणि आज तिथे गवताखाली ओळीने समांतर उंचवटे आणि खोलगट पट्टे दिसतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते ठळक होतात, भर दुपारी नीट कळत नाहीत. बेटावर सर्व वर्षांची मिळून साडेसात हजारांच्या आसपास दफनं आहेत, त्यातली जवळजवळ तीन-चतुर्थांश एका मोसमातली. या एका आकड्यावरून पुढची नव्वद वर्षं किती वेगळी गेली ते समजतं.

मग बदललं काय? पहिला बदल नकाशाचा. १८४७ मध्ये इस्पितळ पश्चिमेला होतं आणि निरोग्यांसाठी पूर्वेला घाईने शेड बांधल्या. नंतर हे उलटं केलं: पश्चिमेला निरोगी, मधे कर्मचाऱ्यांचं गाव, पूर्वेला इस्पितळ. तीन भाग आणि त्यांच्यात येण्याजाण्यावर निर्बंध. निरोगी माणूस उतरल्यापासून परत चढेपर्यंत रोग्याच्या वाटेला जाताच कामा नये, हे रचनेनेच साधलं. १८४७ च्या शेडपैकी एक अजून उभी आहे. आतल्या फळ्यांवर प्रवाशांनी कोरलेली अक्षरं आहेत. बेटावरची ती सर्वांत जुनी इमारत.

दुसरा बदल आगबोटींचा. शिडाच्या गलबताला सहा आठवडे लागत, आगबोट दहा-बारा दिवसांत येई. प्रवासात मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने उतरली, पण डॉक्टरांपुढे नवा पेच आला. पूर्वी लिव्हरपूलला लागण झालेला माणूस बेटावर पोचेपर्यंत एकतर पडलेला असे, बरा झालेला असे किंवा मेलेला असे. देवीचा रोग अंगात साधारण बारा दिवस दडतो. आता तो माणूस पूर्ण निरोगी दिसत बेटासमोरून जाणार आणि आगगाडीत बसल्यावर त्याला फोड येणार. वेग वाढला तसा विलगीकरणातला 'काळ' हा भाग कमी पडू लागला. तो भरून काढायला दुसरं काहीतरी हवं होतं: देवीची लस आणि कपड्यांचं निर्जंतुकीकरण.

हे काम उभं केलं डॉ. फ्रेडरिक माँटिझँबर्ट यांनी. ते १८६९ ते १८९९ अशी तीस वर्षं बेटाचे वैद्यकीय प्रमुख होते आणि जंतूंचा शोध लागत असतानाच्या काळात प्रत्येक नवी गोष्ट बेटावर आणण्यासाठी ओटावातल्या केंद्र सरकारशी भांडत राहिले. देवीसाठी नियम झाला की खालच्या वर्गातल्या प्रवाशांनी टोचून घेतल्याचा पुरावा दाखवायचा. आगबोटीवरचा डॉक्टर प्रवासातच दंड बघे, वण नसेल त्याला टोचे आणि तशी चिठ्ठी देई. नकार दिला तर बेटावर मुक्काम. ही व्यवस्था प्रवासाचे दहा दिवस कामाला लावते, म्हणून हुशारीची. पण बेट फक्त पाण्याची वाट राखू शकतं. १८८५ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये देवीची भयंकर साथ आली, तीन हजारांच्या वर माणसं गेली, आणि तो रोग आला होता शिकागोहून आगगाडीने. टपालाच्या आगबोटीही अशीच एक फट होत्या. त्या बेटाच्या बऱ्याच आधी, नदीच्या मुखाकडच्या रिमूस्कीलाच टपाल आणि काही प्रवासी उतरवत, तिथून रेल्वे होती. म्हणून तिथेही तपासणी नेमावी लागली.

१८९२ मध्ये हॅम्बर्गला कॉलऱ्याने आठ हजारांवर माणसं मारली. अमेरिकेच्या वाटेवरचे बरेच स्थलांतरित तिथे थांबत, त्यामुळे अटलांटिकच्या या बाजूला घबराट पसरली. त्याच वर्षी ग्रोस ईलच्या पश्चिम धक्क्याजवळ निर्जंतुकीकरणाची इमारत झाली. ती आजही बघता येते, आणि बेटावर जाऊन एकच गोष्ट नीट पाहायची असेल तर ही पाहावी.

क्रम असा. प्रवासी एका दाराने आत येतो. स्वतंत्र खोलीवजा कप्प्यात कपडे काढतो. कपडे आणि सामान जाळीच्या पिंजऱ्यात घालून वाफेच्या मोठ्या लोखंडी पेट्यांकडे जातं. अशा तीन पेट्या होत्या. माणूस शॉवरखाली जातो, ज्याच्या पाण्यात मर्क्युरिक क्लोराइड (पाऱ्याचं जंतुनाशक संयुग) मिसळलेलं. तोवर वाफेतले कपडे पलीकडच्या बाजूने निघतात. ते घालून माणूस दुसऱ्या दाराने बाहेर.

वाफेच्या पेटीला दोन दारं असतात, एक मळक्या बाजूला आणि एक स्वच्छ बाजूला, आणि दोन्ही एकाच वेळी कधीही उघडायची नाहीत. आधी आतली हवा काढावी लागते. हवा राहिली तर गाठोड्याच्या मध्यभागी तिचा गोळा अडकतो, वाफ तिथवर पोचत नाही, बाहेरचा काटा शंभर अंश दाखवतो आणि आतला सदरा कोमट असतो. अननुभवी माणूस इथेच चुकतो. उपाय सोपा आहे: गाठोडी सैल बांधायची, पेटी ठासून भरायची नाही आणि तापमापक पेटीच्या भिंतीजवळ न ठेवता कपड्यांच्या मधोमध ठेवायचा. कातडी चपला, फर, रबर वाफेत आक्रसून वाया जातं; ते वेगळं काढून रसायनाने पुसायचं. मर्क्युरिक क्लोराइड मळ, रक्त, थुंकी यांतल्या प्रथिनांत अडकून निकामी होतं, म्हणून आधी साबणाने धुणं आलंच. शिवाय ते विषारी आणि धातू खाणारं, तेव्हा नळांची निगा लागते.

गंमत म्हणजे ही यंत्रणा जंतूंसाठी बसवली गेली आणि तिने उवांचा बंदोबस्त केला. कपड्यातली ऊ आणि तिची लिख दमट उष्णतेत साठ अंशांच्या आसपासच काही मिनिटांत मरतात. शंभर अंशांची वाफ तिच्यासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त. निकोल यांचा शोध लागायच्या सतरा वर्षं आधी ग्रोस ईलवर टायफसचं वाहन रोज उकडलं जात होतं.

बोटीच्या पोटाला गंधकाची धुरी देत. हजार घनफूट जागेत एक पौंड गंधक जाळलं तर हवेत सुमारे एक टक्का सल्फर डायऑक्साइड होतो. उंदीर आणि किडे मारायला त्याच्या दुप्पट-तिप्पट गंधक लागतं, जंतूंसाठी आणखी जास्त आणि तेही हवेत ओल असेल तरच. कोरड्या हवेत हा वायू जंतूंवर फारसा चालत नाही. ओल असली की तो कपड्यांचे रंग उडवतो आणि पितळी भाग काळे पाडतो, म्हणून कप्तान कुरकुरत. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला तेव्हा याच धुरीला जगभर नवं महत्त्व आलं, कारण बोटीतले उंदीर मारणारं ते साधन हाताशी होतं.

मुक्कामाच्या सोयीत वर्गभेद उघड होता. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गासाठी वेगळी हॉटेलं. १९१२ मध्ये बांधलेलं पहिल्या वर्गाचं हॉटेल आणि १९१४ चं तिसऱ्या वर्गाचं हॉटेल अजून उभी आहेत. यामागे निव्वळ मिजास नव्हती. एका बोटीत एक देवीचा रोगी निघाला तर सगळे प्रवासी अडकत, आणि कॅबिनचा प्रवासी भरभक्कम भाडं देणारा; त्याची गैरसोय झाली की कंपन्या दुसऱ्या बंदराकडे वळत. नीट सोय असली की आजार लपवण्याची ओढ कमी होते, हा त्यातला खरा फायदा. वाईट एवढंच, की हे शहाणपण तिसऱ्या वर्गापर्यंत सर्वांत शेवटी पोचलं.

१९३७ मध्ये ठाणं बंद झालं. मंदीने स्थलांतर आटलं होतं, तपासणी निघण्याच्या बंदरावरच होऊ लागली होती आणि तुरळक रोग्यांसाठी क्वेबेक शहरात इस्पितळ होतं. दुसऱ्या महायुद्धात बेट लष्कराकडे गेलं. तिथे कॅनडा आणि अमेरिकेने मिळून गुरांच्या बुळकांडीवर लस तयार करण्याचं काम केलं, आणि अँथ्रॅक्सच्या जैविक शस्त्रांवरही काम झालं. १९६५ पासून काही वर्षं तिथे आयात जनावरांचं विलगीकरण होई.

स्मारकांचा वाद वेगळा आहे, थोडक्यात सांगतो. १९०९ मध्ये आयरिश संघटनेने टेकडीवर १४ मीटर उंच दगडी केल्टिक क्रूस उभारला. त्यावरच्या आयरिश भाषेतल्या लेखात परक्या जुलमी कायद्यांचा आणि कृत्रिम दुष्काळाचा स्पष्ट उल्लेख आहे. इंग्रजी आणि फ्रेंच लेख त्याबद्दल गप्प आहेत. १९९० च्या दशकात सरकारने बेटाची मांडणी 'आशेची भूमी' अशा सुरात करायचं ठरवलं तेव्हा आयरिश-कॅनेडियन लोकांनी जोरदार विरोध केला, आणि १९९६ मध्ये स्थळाच्या नावातच 'आयरिश स्मारक' हे शब्द आले. विरोध रास्त होता. चाळीस लाखांहून अधिक स्थलांतरित या शंभर वर्षांत क्वेबेकच्या बंदरात आले आणि बहुतेकांचं पुढे बरं झालं, हे खरं; पण त्या सरासरीत १८४७ विरघळवून टाकता येत नाही.

कोणाला या बेटावरून गेलेल्या माणसाचा माग काढायचा असेल तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी: क्वेबेकच्या बंदरातल्या प्रवाशांच्या याद्या सलग मिळतात त्या १८६५ पासून. १८४७ साठी तशा याद्या नाहीत. त्या काळासाठी कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इस्पितळाच्या, जन्म-मृत्यूच्या आणि दफनाच्या नोंदवह्यांतून तेहतीस हजारांवर नोंदींची सूची केली आहे, ती ऑनलाइन बघता येते. तिच्यात जो आजारी पडला, जन्मला, मेला किंवा तिथे काम करत होता तोच सापडतो. धडधाकट पुढे गेलेला सापडत नाही. म्हणून नाव न सापडणं ही बहुधा चांगली बातमी असते. आडनावं फ्रेंच लेखनिकांनी ऐकू आली तशी लिहिली आहेत, तेव्हा पाच-सहा वेगवेगळ्या लेखनांनी शोधावं. आईचं माहेरचं नाव, गाव आणि गलबताचं नाव यांवरूनही बघावं. मुलं एकटी उरली असतील तर क्वेबेकमधल्या धर्मादाय संस्थांच्या वह्या बघाव्यात. त्या वर्षी सहाशेवर अनाथ मुलांची नोंद तिथे झाली. अनेकांना फ्रेंच भाषक शेतकरी कुटुंबांनी घरी नेलं आणि कित्येकांची आयरिश आडनावं तशीच ठेवली. त्यामुळे क्वेबेकच्या गावांतल्या चर्चच्या नोंदवहीत पुढच्या पिढीच्या लग्नापाशी तुटलेला धागा पुन्हा हाती लागू शकतो.